रंगूबाई आणि अर्धा भरलेला पाईप

अशी कल्पना करा, की तुमच्या पायाखाली जमिनीत सिमेंटचा एक पाईप पुरलेला आहे आणि त्यातून किती पाणी जातं ते तुम्हाला सांगायचं आहे. पाईप फोडायचा नाही, पाणी अडवायचं नाही, खाली बादली लावायची नाही. कान लावलात तर खळखळ ऐकू येईल, पण तिच्यावर विसंबू नका; उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण उगाच पडलेली नाही. पाईप तोंडोतोंड भरून वाहत असता तर गोष्ट सोपी होती. पाण्याचा वेग काढायचा, पाईपच्या तोंडाच्या आकाराने गुणायचा, झालं माप. पण हा पाईप भरलेला नाही. सकाळी तो अर्धा असतो, दुपारी पाव, आणि कालव्याला जोर आला की पाऊण. शिवाय तुम्ही जो आकडा सांगाल त्याची वाट बघत एका बाजूला तुमचा नवरा उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला तुमचा सख्खा भाऊ.

ही शेवटची अट कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती फक्त रंगूबाईला होती.

मखमलाबाद रोडवरून आत वळलं की तेव्हा सगळी फुलशेती लागायची. झेंडू, शेवंती, गुलाब, अधूनमधून कोथिंबीर आणि मेथी. त्यात दोन वस्त्या होत्या, वरचा मळा आणि खालचा मळा. दोन्हीकडे माळ्यांचीच घरं, सगळे एकमेकांचे सोयरे. रंगूबाई वरच्या मळ्यात जन्मली आणि खालच्या मळ्यात गेणूला दिली. लग्नाची वरात निघाली तेव्हा बँडवाल्यांचं पहिलं गाणं संपायच्या आत नवऱ्याचं घर आलं. वाजवायला बोलावलंय तर पुरेपूर वाजवून घेऊ, असं म्हणून सासऱ्याने सगळी वरात मागे फिरवली आणि डांबरी रस्त्याने लांबचा वळसा घालून पुन्हा आणली. रंगूबाई म्हणायची, "मी एकटीच असंन, जी सासरी पोचून परत माहेरावरनं सासरी गेली."

माहेर इतकं जवळ, की आईने चुलीपुढून "रंगे, मीठ हाय का गं?" अशी हाक मारली तर इकडे ऐकू यायची. तरी सणाला माहेरी जायचं ते मुराळी न्यायला आल्यावरच, हा नेम तिने कधी मोडला नाही. दर दिवाळीला धाकटा भाऊ मोतीराम इस्त्रीचा शर्ट घालून मोपेडवरून यायचा, दारात हॉर्न वाजवायचा, आणि रंगूबाई नवी पिशवी घेऊन मागे बसायची. बांधावरून चालत गेलं असतं तर शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत पोचली असती. पण बांधावरून तर ती रोज शेळीमागे जायची. माहेरी जाणं म्हणजे मोपेडवरून, डांबरी रस्त्याने, लोकांना दिसेल असं.

भांडण होतं पाण्याचं. कालव्यावरून एक मोठा पाईप एका हौदापर्यंत यायचा आणि हौदातून सारख्या आकाराचे दोन पाईप निघायचे, एक वरच्या मळ्याला, एक खालच्याला. दोन्हीकडे सारखं पाणी, असा करार. पण शेजाऱ्याचा झेंडू आपल्यापेक्षा टपोरा दिसला, की करारावर विश्वास राहत नाही. खालचे म्हणत, वरचे हौदातल्या तोंडाशी काहीतरी करतात. वरचे म्हणत, खालच्यांना पाणी दिलं तरी कमी आणि नाही दिलं तरी कमी. शेवटी सत्त्याण्णवच्या सुमारास पाणी संस्थेच्या सभेने एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या एका कारखान्यातून जुना मीटर आणला. चुंबकावर चालणारा, आकडा दाखवणारा. दोन्ही पाईपांवर खड्डे करून ठेवायचे आणि मीटर आधी एका खड्ड्यात, मग दुसऱ्यात बसवून बघायचा, असं ठरलं.

मीटर वाचायचा कुणी, यावर सभा मोडायची वेळ आली. वरच्यांचा माणूस खालच्यांना चालेना, खालच्यांचा वरच्यांना. तेव्हा कुणीतरी रंगूबाईचं नाव घेतलं. माहेर वर, सासर खाली. दोन्हीकडून सारखाच संशय घेता येईल अशी तेवढी एकच व्यक्ती होती. तिला इंग्रजी आकडे येत होते, कारण फुलबाजारात इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर व्यापाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी ते तिने एका आठवड्यात शिकून घेतले होते. आणि आवाज तर बाजारातच घडलेला. आकडा बघायचा, हौदाच्या कठड्यावर उभं राहायचं आणि दोन्ही मळ्यांना ऐकू जाईल असा ओरडून सांगायचा, हे तिचं काम.

खालच्या खड्ड्यातला आकडा तिने सांगितला. कुणाला काही वाटलं नाही. आकडा एकटा असला की त्याला अर्थ नसतो. मग मीटर वरच्या खड्ड्यात गेला आणि रंगूबाई त्याच्यापुढे वाकली ती बराच वेळ सरळ झालीच नाही.

"काय झालं गं? आकडा हरवला का?" खड्ड्याच्या काठावरून गेणू म्हणाला.

ती कठड्यावर चढली. पण बाजारात मैलभर जाणारा तिचा आवाज त्या दिवशी हौदातच पडला. "दुप्पट," ती म्हणाली.

"काय?"

"दुप्पट हाय. वरच्या मळ्यात दुप्पट पाणी जातंय."

खालच्या मळ्यात त्या दिवशी पोळ्याचा उत्साह होता. गेणूने मीटरला झेंडूची माळ घातली. मोतीराम मात्र बहिणीपुढे येऊन उभा राहिला.

"अक्का, तू खाल्लं कुणाकडचं नि बोलतीस कुणाकडचं?"

"मोत्या, मी नाय बोलले. मीटर बोलला."

"मीटरला तोंड नाय. तोंड तुला हाय." एवढं म्हणून तो गेला.

त्या दिवाळीला रंगूबाईने पिशवी भरली, नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली. रस्त्यावर मोपेड वाजली की मान वळायची. दुपार झाली तेव्हा गेणूलाच राहवेना.

"चल, मी सोडतो. बांधावरनं जाऊ."

"मुराळ्याशिवाय? मी काय भाजीवाली हाय का, न बोलावता दारात जायला?"

तिने नवं लुगडं सोडून ठेवलं आणि शेळीला चारा टाकायला गेली. पुढच्या दिवाळीलाही मुराळी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फुलबाजारात मात्र बहीणभावाच्या पाट्या शेजारीशेजारीच होत्या, कारण त्या जागा बापाने धरलेल्या होत्या. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, गिऱ्हाइकाच्या तोंडून बोलायचे.

"बाई, शेजारची शेवंती घेऊ नका, कालची हाय ती," मोतीराम म्हणायचा.

"घ्या हो बाई, पण दुप्पट पाण्यावरची फुलं हायेत, भिजलेली देतोय तो," रंगूबाई म्हणायची. गिऱ्हाईक गोंधळून तिसरीकडे जायचं.

गेणूने तेवढ्यात एक शोध लावला होता. मीटरमध्ये चुंबक असतं असं त्याने ऐकलं. तेव्हा वरच्यांना दुप्पट पाणी कशाने गेलं? मीटरमधल्या चुंबकाने ओढलं. मग आपण का ओढू नये? गणेश मंडळाच्या फाटक्या लाउडस्पीकरमधलं गोल चुंबक काढून त्याने खालच्या पाईपला सुतळीने बांधलं. पाणी वाढलं की नाही ते कळलं नाही, पण खड्ड्यात पडलेला रंगूबाईचा विळा चार दिवस तिथेच चिकटून राहिला आणि घरात शोधाशोध झाली.

अशीच वर्षं गेली. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गेणू अंबडमधल्या एका कारखान्यात झेंडू पोचवायला गेला. छोटासा कारखाना, पाण्याचे मीटर बनवणारा. यंत्रांच्या पूजेसाठी सगळे मीटर ओळीने मांडून ठेवले होते. गेणूने पाटी उतरवली आणि ओळीकडे बघून म्हणाला, "ही बघा, भांडखोर मंडळी."

हे ऐकलं रविराजने. रविराज सटाण्याकडचा, नुकता इंजिनिअर होऊन तिथे लागलेला. मीटरला कुणी शिवी दिली की ती आपल्याला लागते, अशा वयाचा. त्याने गेणूला चहा पाजला आणि सगळी हकीकत काढून घेतली.

"काका, तो वरचा पाईप भरून वाहतो का?"

"भरायला पाणी कुठंय? निम्मा असतो."

"आणि खालचा?"

"तो ओहोळाखालनं बुडी मारून पलीकडं निघतो. त्याच्यात पाणी तुंबूनच असतं."

रविराज हसायला लागला. "काका, तुमच्या जुन्या मीटरला फक्त वेग कळतो. पाईप भरलेलाच आहे असं तो धरून चालतो. जावई जेवायला बसला की त्याचं पोट रिकामंच आहे असं सासू कसं धरून चालते, तसं. वरचा पाईप निम्मा, त्यात पाणी पळतंय दुप्पट जोराने. मीटरने तो वेग घेतला आणि सगळ्या पाईपला लावला. म्हणून दुप्पट दिसलं."

गेणूला जावयाचं तेवढं पटलं. घरी येऊन त्याने जेवताना गंमत म्हणून सांगितलं, "अंबडला एक पोरगं हाय, डोकं फिरलेलं. म्हणतं मीटरला निम्मा पाईप दिसत नाय."

रंगूबाईचा घास हातातच राहिला. "मग मोत्या चोर नाय?"

"असं कुठं म्हणलो मी?"

दसऱ्याची फुलं विकून झाल्यावर ती घरी आलीच नाही. पाटी डोक्यावर घेऊनच द्वारका चौकात गेली आणि तिथून अंबडची बस धरली. कारखान्याला सुट्टी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. गेटवरच्या माणसाने विचारलं, कुणाला भेटायचंय, तर म्हणाली, "डोकं फिरलेलं एक पोरगं हाय, त्याला." त्याने रविराजला बोलावलं.

रविराजने तिला आत नेऊन काचेचा पाईप दाखवला. नळ सोडला, पाईप निम्मा ठेवला, तिरपा केला, आणि त्यात एक झेंडूची पाकळी सोडली. पाकळी सुळकन पळाली. मग पाईपचं पुढचं तोंड उचललं. पाईप भरला आणि दुसरी पाकळी रमतगमत गेली.

"दोन्ही वेळा नळ तेवढाच होता, मावशी."

रंगूबाईने पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मग पुन्हा. पाटीतल्या उरलेल्या फुलांच्या सगळ्या पाकळ्या संपल्या तेव्हा म्हणाली, "निम्मा पाईप दिसंल असा मीटर नाय का तुमच्याकडं?"

होता. म्हणजे होणार होता. कारखान्यात तेव्हा तोच बनवणं चाललं होतं आणि त्याच्यासाठी गढूळ पाण्याची, कधी अर्धी तर कधी पाव वाहणारी जागा हवी होती. रविराजने साहेबांना पटवलं. रंगूबाईला सभेला पटवायला त्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण दिवाळी, होळी आणि लग्नसराई एवढ्या काळात ती जिथे गेली तिथे पाकळ्यांची गोष्ट सांगत राहिली. लोक कंटाळून हो म्हणाले. त्या दिवाळीलाही पिशवी रिकामीच राहिली, कारण मोतीरामचं म्हणणं होतं, आधी सगळ्यांसमोर माझं नाव धुऊन दे, मग बघू.

नवा मीटर आला. त्याच्या पोटात विजेची वेटोळी होती, ती पाण्यावर चुंबकाचा प्रभाव धरायची. वाहतं पाणी त्यातून गेलं की पाण्यातच विजेचा अगदी बारीक दाब तयार व्हायचा. पाणी जेवढं जोरात, तेवढा दाब जास्त. तो ओळखायला आतल्या बाजूला धातूच्या चकत्या बसवलेल्या होत्या. जुन्या मीटरला अशी एकच जोडी असायची. याला खालपासून वरपर्यंत वेगवेगळ्या उंचीवर जोड्या होत्या. पाणी कुठल्या जोडीपर्यंत पोचलंय ते आधी बघायचं, मग वेग बघायचा, मग दोन्हींचा मेळ घालून आकडा द्यायचा. रंगूबाई त्या चकत्यांना टिकल्या म्हणायची, आणि आठवडाभरात रविराजही म्हणायला लागला.

कालव्याच्या पाण्याबरोबर गाळ आणि शेवाळं यायचं, म्हणून टिकल्या पुसाव्या लागत. ते काम रंगूबाईकडे. हौदातल्या पाईपच्या तोंडावर फळी टाकून पाणी बंद करायचं, मीटरशेजारचं झाकण उघडायचं, हात घालून एकेक टिकली फडक्याने पुसायची.

"मावशी, एवढंच लक्षात ठेवा. टिकलीला पाणी लागलं पाहिजे. मध्ये काही येता कामा नये," रविराजने सांगितलं.

"नाय येऊ देणार. बाहेरचं कुणी खड्ड्यात उतरूच देणार नाय," रंगूबाई म्हणाली.

मीटर आधी कालव्याकडच्या मोठ्या पाईपवर बसवला, मग खालच्या पाईपवर. खालचा आकडा जुन्या मीटरने सांगितला होता त्याच्या आसपासच आला. खरी परीक्षा वरच्या खड्ड्यात होती. त्यावरून आधीच कुजबुज नको, म्हणून सभेने ठरवलं की वरचा आकडा दसऱ्याला, सगळ्यांसमोर वाचायचा. तोवर काचेवर फडकं टाकून ठेवायचं आणि रंगूबाईनेही डोकावायचं नाही. नवरदेव-नवरीमधल्या अंतरपाटासारखं ते फडकं मीटरवर पडून राहिलं.

खंडेनवमी आली. ज्यावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची. दोन्ही मळ्यांत नांगर धुतले गेले, विळे घासले गेले, पंपाला हळदकुंकू लागलं. मोतीरामने मोपेडच्या हेडलाइटला एवढा मोठा हार घातला, की दुसऱ्या दिवशीपर्यंत ती अंधारात चालवता येईना. रंगूबाईने घरचं सगळं आवरलं आणि पूजेचं ताट घेऊन खड्ड्यात उतरली. मीटरला वरून हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. पण तिला ते पुरेसं वाटेना. वरचं तर नुसतं लोखंड. काम करतात त्या आतल्या टिकल्या. मुराळी येणार की नाही ते त्या ठरवणार. आणि त्यांनाच कुंकू नाही?

तिने फळी टाकली, झाकण उघडलं. हात आत घालून आधी टिकल्या स्वच्छ पुसल्या. मग विचार केला, कुंकू लावलं तर पाणी सोडल्याबरोबर वाहून जाईल. तेव्हा ती घरी परत गेली, मारुतीसाठी आणलेला शेंदूर वाटीत घेतला, तेलात चांगला घट्ट कालवला, आणि येऊन प्रत्येक टिकलीला अंगठ्याने ठसठशीत लावला. एकही सोडली नाही. झाकण लावलं, फळी काढली, नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी वरच्या खड्ड्याभोवती दोन्ही मळे जमले. खालचे एका अंगाला, वरचे दुसऱ्या. सगळ्यांच्या हातात आपट्याची पानं होती, पण इकडची पानं तिकडे गेली नव्हती. बरीच वर्षं जातच नव्हती. रविराज सुट्टी असून आला होता. त्याने फडकं ओढलं आणि वाकून बघितलं. मग चष्मा पुसून परत बघितलं.

"काय म्हणतोय?" गेणू.

"म्हणतोय..." रविराजचा आवाज बारीक झाला. "पाईप रिकामा आहे."

खालून पाण्याची खळखळ तर सगळ्यांना स्पष्ट ऐकू येत होती.

मग मोतीराम पुढे आला. "ऐकलं का? इतकी वर्षं हेच सांगतोय आम्ही. आमच्याकडं पाणी येतच नाय." त्याच्या पायाला घोट्यापर्यंत ओला चिखल होता.

"मग झेंडू कशावर पिकवला, मेव्हणे? घामावर?" गेणू म्हणाला.

"दाजी, कष्टाची फुलं हायेत ती."

"मीटर फितवला यांनी. शहरातलं पोरगं बघून फितवला," खालच्यांतून कुणीतरी म्हणालं. वरच्यांतून त्याला उत्तर गेलं. रविराज वायरी ओढून बघत होता, बॅटरी बघत होता, आणि घाबरल्यामुळे सरळ घरच्या बोलीत पुटपुटत होता, "हाई काय व्हयनं? काय व्हयनं हाई?"

रंगूबाई रिकाम्या आकड्याकडे बघत उभी होती. तिला गप्प बसता आलं असतं. भाऊ खुशीत होता. रिकामा पाईप म्हणजे तो चोर नाही, आणि चोर नाही म्हणजे मुराळी येणार. पण खळखळ ऐकू येत होती, आणि बारा महिने शेजारी बसून भावाची ताजी फुलं तिने डोळ्यांनी बघितली होती.

"मोत्या, खोटं हाय हे," ती म्हणाली. "पाणी वाहतंय. मीटरला काहीतरी झालंय."

"अक्का, आता तर आमच्या बाजूनं लागलंय, तरी तुला बघवत नाय?"

"मावशी, झाकण कुणी उघडलं होतं का?" रविराजने विचारलं.

"नाय. खड्ड्याकडं कुणाला फिरकू दिलं नाय मी."

"नक्की?"

"मी सोडून कोण उघडणार? मी काल पूजेला उघडलं तेवढंच."

रविराजने फळी टाकायला सांगितली, झाकण काढलं आणि शर्टाची बाही सावरून हात आत घातला. हात बाहेर आला तो मनगटापर्यंत शेंदरी. त्याने तो बराच वेळ निरखला.

"मावशी, हे काय?"

"शेंदूर."

"टिकल्यांना?"

"कुंकू वाहून गेलं असतं ना."

"तेलात कालवलात?"

"मग काय पाण्यात कालवू? मारुतीला कशात कालवतात?"

रविराज खड्ड्याच्या कडेला बसला. टिकल्यांवर तेलाचा थर चढला होता, त्यांना पाणी लागतच नव्हतं. पाणी लागत नाही म्हटल्यावर मीटरने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, पाईप रिकामा. "मध्ये काही येता कामा नये, हे मी सांगितलं होतं," तो म्हणाला, "पण देव येईल असं मला वाटलं नव्हतं."

"पुसून टाक मग," गेणू म्हणाला.

"पुसून कसं चालंल?" मोतीरामची बायको मैना मागून बोलली. "शेंदूर चढला की दगडाचाबी देव होतो. खरवडून काढता व्हय?"

यावर दोन्ही मळ्यांचं एकमत झालं. मीटर बसवल्यापासून झालेलं हे पहिलं एकमत. देव खरवडायचा नाही. रविराजने काकुळतीला येऊन सांगितलं, की मग हा मीटर कायमचा रिकामा पाईपच दाखवत राहील. लोक म्हणाले, राहू दे.

रंगूबाईने पदर खोचला. "गणपतीला आपण काय करतो? उत्तरपूजा करतो नि बुडवतो. तेव्हा कुणाला पाप लागतं? याला एक दिवस बसवला, आता याची उत्तरपूजा करते."

तिने खरंच केली. अक्षता टाकल्या, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला, मूर्ती हलवतात तसा मीटर जरा हलवायला रविराजने पाना लावून एक बोल्ट सैल केला. मग रंगूबाईने रिठ्याच्या पाण्याने एकेक टिकली धुतली, फडक्याने निघालेला शेंदूर खड्ड्याच्या कडेच्या एका दगडाला लावला, म्हणजे वाया जायला नको. फळी निघाली. पाणी आलं. काचेवर आधी काहीच नव्हतं, मग आकडे धावायला लागले आणि हळूहळू एका जागी थांबले.

रविराज बाजूला झाला. आकडा तिने वाचायचा होता.

रंगूबाईने वाचला. कठड्यावर चढली. या वेळी आवाज पार रस्त्यापलीकडे गेला. "सारखा हाय. खालच्याइतकाच हाय. कुणी चोर नाय."

कुणाला काय करावं ते सुचेना. इतक्या वर्षांचं भांडण असं मधूनच काढून घेतल्यावर माणसाला मोकळं मोकळं वाटतं, आणि ते काही बरं वाटत नाही. शेवटी गेणू चिखल ओलांडून गेला आणि आपट्याचं पान मोतीरामच्या हातात दिलं.

"घ्या मेव्हणे, सोनं. पाणी सारखं हाय, पण फुलं आमचीच टपोरी."

"दाजी, चष्मा लावा एकदा," मोतीराम म्हणाला आणि पान कपाळाला लावून खिशात ठेवलं.

भाऊबीजेला दारात हॉर्न वाजला. रंगूबाई पिशवी घेऊन तयारच होती, तरी तिने दोनदा वाजू दिला. मधल्या इतक्या वर्षांत मोतीरामची मोपेड खिळखिळी झाली होती. चढावर रंगूबाईला उतरून ढकलावी लागली. तरीही गेली ती डांबरी रस्त्यानेच, आणि भेटेल त्याला थांबवून "माहेरी चाललेय" असं सांगत.

रविराजलाही फराळाला बोलावलं होतं. गेणू तर न बोलावता बांधावरून आधीच येऊन बसला होता. चकली खाता खाता रविराज म्हणाला, "मावशी, एक सांगायचं राहिलंय. वरचा आकडा नि खालचा आकडा मिळवला तर मोठ्या पाईपएवढा व्हायला पाहिजे."

"व्हायलाच पाहिजे. त्याचेच तर दोन वाटे."

"होत नाही. बऱ्यापैकी कमी भरतो. मला वाटलं मीटर चुकतोय, म्हणून परत तिन्हीकडे लावून बघितला. कालव्याकडून निघतं तेवढं पाणी हौदात पोचतच नाही."

गेणूने मोतीरामकडे बघितलं, मोतीरामने गेणूकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कुदळ आणि पहार घेऊन मोठ्या पाईपच्या रेषेवर निघाले. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांनी खणलं. पाईप कुठे फुटलेला दिसला नाही, कुठे ओल लागली नाही. गेणूला चिंचेच्या मुळ्यांचा संशय होता, मोतीरामला रस्त्याकडच्या नव्या बंगल्यांचा, मैनेला त्या शेंदूर लावलेल्या दगडाचा, की त्याला तहान लागते. त्यानंतर आजतागायत दोघं मेव्हणे दर थोड्या दिवसांनी नवीन जागी खणायला जातात, बरोबर भाकरी बांधून. रविराजच्या कारखान्याने तसे पुष्कळ मीटर नंतर विकले, तो स्वतः बढती घेऊन दुसरीकडे गेला. बंगले वाढले, झेंडू कमी झाला, पण दर दिवाळीला मुराळी येतो.

रंगूबाई म्हणते, चोर सापडला नाय तेच बरं, सापडला तर हे दोघं भांडायला मोकळे होतील. पण म्हणायला म्हणते. गावात कुणीही शिकलेलं आलं, पाण्याचं, विजेचं, रस्त्याचं, कशाचंही, की ती त्याला चहा देते, हौदाच्या कठड्यावर बसवते आणि विचारते, "वर सारखं, खाली सारखं. मग भाऊ, मधलं पाणी पितंय कोण?"